कामाचा हात, खेळाचा हात

आपल्याकडं दुखण्याचेही दोन वर्ग आहेत. 'दिवसभर लॅपटॉपसमोर बसून पाठ धरलीय' असं म्हटलं की समोरचा हळहळतो. एखादा मलम सुचवतो, वर 'काम फारच असतं बाबा तुम्हा लोकांना' असंही म्हणतो. तेच एकदा 'पिस्तूल नेमबाजीनं मनगट दुखतंय' असं म्हणून बघा. भुवया उंचावतात आणि उत्तर येतं, 'मग सोड ना! कुणी सांगितलंय?'

गेल्या चार महिन्यांत हे 'सोड ना' मी इतक्या वेळा ऐकलंय, की त्यामागचा विचार एकदा नीट तपासून बघावा असं वाटायला लागलं. कामानं दुखलं तर कष्टाळूपणा, हौसेनं दुखलं तर मूर्खपणा, ही वाटणी बरोबर आहे का?

आधी माझ्या हौसेबद्दल थोडं. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. तीन वर्षांपासून शनिवार-रविवारी एका छोट्या क्लबात दहा मीटर एअर पिस्तूल खेळतो. हा सिनेमातला गोळीबार नव्हे. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, समोर दहा मीटरवर कागद किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेट, आणि त्याच्या मधोमध साडेअकरा मिलिमीटर व्यासाचं 'दहा'चं वर्तुळ. शर्टाच्या बटणाएवढं. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम. पिस्तूल किलोभराचं असतं आणि ते एकाच हातात, हात पूर्ण लांब करून धरायचं. दुसरा हात खिशात.

किलोभर वजन म्हणजे काहीच नाही असं वाटतं. भाजीची पिशवी याहून जड असते. पण पिशवी खाली लोंबते, पिस्तूल खांद्याच्या उंचीवर हवेत स्थिर ठेवायचं असतं. नेम जमला नाही की हात खाली आणून पुन्हा उचलायचा. साठ नेमांसाठी हात शंभराहून जास्त वेळा सहज वर जातो.

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कळ यायला लागली तेव्हा मी डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी अंगठा मुठीत मिटायला सांगितला आणि मनगट करंगळीच्या दिशेला वाकवलं. मी ओरडलो, निदान झालं. डी क्वेर्व्हेन. फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जननं १८९५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. अंगठा हलवणारे दोन टेंडन मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यासारख्या जागेतून जातात. त्यांच्याभोवतीचं आवरण जाड होतं, जागा अपुरी पडते आणि प्रत्येक हालचालीला घर्षण होतं. उपाय साधे आहेत. आधी विश्रांती आणि अंगठ्यासकट मनगट धरून ठेवणारा स्प्लिंट. त्यानं भागलं नाही तर इंजेक्शन. फारच झालं तर छोटी शस्त्रक्रिया.

डॉक्टरांनी तीन प्रश्न विचारले. पिस्तूल किती वेळ? माउस किती वेळ? अंगठ्यानं मोबाइल किती वेळ? मग म्हणाले, 'तिन्हींचा वाटा आहे, कुणाचा किती ते सांगता यायचं नाही.' पण सल्ला देताना तिन्हींना सारखी वागणूक मिळाली नाही. माउससाठी 'उभा माउस घे, मध्येमध्ये थांब'. मोबाइलसाठी 'जरा कमी कर'. आणि पिस्तुलासाठी 'ते बंदच ठेव, गरज काय आहे?'

कामासाठी वाट शोधली जाते आणि खेळावर झाकण पडतं. घरीही तेच झालं. आई म्हणाली, 'पोट भरणारा हात आहे तो, त्याला जप.' तिचं चुकतंय असं मला वाटत नाही. फ्लॅटचा हप्ता याच हातावर चालतो. बाबा निवृत्त झालेत. हात माझा असला तरी तो दुखावला की भार इतरांवर पडतो. आणि एक मुद्दा याहूनही जड आहे. ऊस तोडणाऱ्या, विड्या वळणाऱ्या माणसाच्या हाताला 'नको' म्हणायची सोय नसते. स्वखुशीनं ओढवून घेतलेल्या दुखण्यापेक्षा लादलेल्या दुखण्याला आपल्या सहानुभूतीवर आधी हक्क असायला हवा. हे मला मान्य आहे.

पण 'आधी हक्क' आणि 'फक्त त्यांनाच हक्क' यात फरक आहे. पहिलं मान्य केलं की लोक हळूच दुसरंही गळ्यात घालतात.

शिवाय 'गरज काय?' हा प्रश्न खेळाला लागूच होत नाही. बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञानं १९७८ च्या 'द ग्रासहॉपर' या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. तिचा सारांश असा की खेळणं म्हणजे अनावश्यक अडथळे आपणहून स्वीकारून ते पार करण्याचा प्रयत्न. ऑफिसातल्या मित्रानं मला अगदी मनापासून सुचवलं होतं, 'अरे, मग दोन हातांनी धर ना!' दुखणं कमी झालं असतं यात शंका नाही. फक्त तो दहा मीटर एअर पिस्तूल हा खेळ राहिला नसता. नियम तर इतके कडक आहेत, की पिस्तूल धरलेल्या हाताच्या मनगटाला आधार देणारा पट्टाही स्पर्धेत चालत नाही. कामात अडथळा मध्ये येतो, तो दूर केला तर काम उलट चांगलं होतं. खेळातला अडथळा काढला तर हातात काहीच उरत नाही. म्हणून 'गरज काय' याचं खरं उत्तर 'काहीच नाही' असं आहे, आणि तो खेळाचा दोष नाही.

'सोड ना'च्या अगदी उलट एक आवाज आहे. तो रीलमधून येतो. 'दुखतंय? मग खेळत राहा, विजेते असेच घडतात.' आणि नेमबाजीत तर याला पुरावे आहेत. हंगेरीच्या लष्करातल्या कारोली ताकाच या नेमबाजाचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं सराव केला आणि १९४८ च्या लंडन आणि १९५२ च्या हेलसिंकी, अशा दोन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतलाही कोपराच्या दुखापतीमुळं बराच काळ बाजूला राहावं लागलं होतं. त्यानंतर २०१८ च्या एशियाडमध्ये तिनं पंचवीस मीटर पिस्तूलचं सुवर्णपदक मिळवलं.

या गोष्टी मलाही आवडतात. पण त्या माझ्या कामाच्या नाहीत. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरनं पात्रता फेरीत ६०० पैकी ५८० गुण केले. माझे ५३० च्या आसपास होतात, आणि त्या दिवशी मी वडापाव सगळ्यांना देतो. मला पदक मिळणार नाही. मग माझं दुखणं कुठल्या खात्यात टाकायचं?

इथं माझ्या लक्षात आलं, की 'सोड ना' म्हणणारे काका आणि 'सोडू नको' म्हणणारी रील एकच गोष्ट सांगताहेत. दोघांनाही दुखण्याच्या बदल्यात काहीतरी हवंय. पगार किंवा पदक. दोन्ही मिळणार नसेल तर दुखण्याला अर्थ नाही, आणि मग खेळालाही.

या हिशेबाची किंमत फक्त माझ्यासारख्या हौशी लोकांना मोजावी लागते असं मी समजत होतो. मग डॉक्टर सहज म्हणाले, 'माझ्याकडं या दुखण्याच्या सगळ्यात जास्त कोण येतं माहितेय? नुकत्याच आई झालेल्या बायका. बाळ उचलून उचलून.'

मी घरी येऊन वहिनीला विचारलं. ती हसली आणि म्हणाली, 'मला चार महिने झाले, रात्री क्रेप बँडेज गुंडाळते.' माझं पिस्तूल एक किलोचं, तिचं बाळ नऊ किलोंचं. माझं मनगट आठवड्यातून दोन दिवस ताणलं जात होतं, तिचं दिवसातून पन्नास वेळा. तिला 'सोड ना' कुणी म्हणालं नव्हतं, ते शक्यच नाही. पण 'दाखवून ये' असंही कुणी म्हणालं नव्हतं. 'आई झालं की एवढं चालायचंच,' असं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं होतं.

दुखण्याच्या या दोन वर्गांतून काय होतं, ते मला तेव्हा स्पष्ट दिसलं. हौसेच्या दुखण्याला आपण वेडेपणा म्हणतो आणि 'थांब' म्हणून मोकळे होतो. कामाच्या दुखण्याला थोर म्हणतो आणि 'सोस' म्हणून मोकळे होतो. मनगटाकडं कुणीच बघत नाही. टेंडनला मात्र आपण किलोभर लोखंड उचललं की लेकरू, हे कळत नाही. त्याला फक्त भार कळतो.

या विचाराची कसोटी लगेच लागली. ऑफिसात उभा माउस आणि काही आठवडे हलकं काम मागण्यासाठी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात 'कारण' असा रकाना आहे. टीममधल्या सगळ्यांचा सल्ला एकच होता, 'टायपिंग लिही, विषय संपव.' ते पूर्ण खोटं नव्हतं. वाटा तिन्हींचा आहे असं डॉक्टरच म्हणाले होते. पण टायपिंग लिहून गप्प बसणं म्हणजे खेळानं दुखलेला हात मदतीला पात्र नाही, हे स्वतःच्या सहीनं मान्य करणं. मी 'संगणकाचं काम आणि पिस्तूल नेमबाजी' असं लिहिलं. माउस मिळाला. हलकं काम मिळालं नाही. 'हॉबी इंज्युरी'साठी तशी तरतूद नाही, असं उत्तर आलं. पश्चात्ताप झाला नाही, पण दोन रात्री ऑन-कॉल करताना तो सल्ला आठवला हे खरं.

पिस्तूल सहा आठवडे ठेवून दिलं. हौशी माणसाला मिळणारं हे एक मोठं स्वातंत्र्य आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. व्यावसायिक खेळाडूला निवड चाचणीची तारीख असते, मजुराला संध्याकाळची चूल असते, आईला बाळ असतं. दुखणं म्हणतंय म्हणून थांबणं त्यांना परवडेलच असं नाही. ज्याच्यावर काहीच अवलंबून नाही, तोच शरीराचं पूर्ण ऐकू शकतो. म्हणून हौशी माणसावर खरं कर्तव्य असेल तर ते खेळ सोडण्याचं नाही. नीट थांबण्याचं आणि नीट परतण्याचं आहे.

मधल्या काळात डॉक्टरांना विचारून मी डाव्या हातानं नेम धरला. क्लबात दोन्ही हातांना चालेल अशा मुठीचं एक जुनं पिस्तूल आहे. ताकाचची आठवण वगैरे काही झालं नाही. पहिले चार छर्रे काळ्या वर्तुळाच्या बाहेर पांढऱ्या कागदात गेले, पाचवा बहुधा भिंतीत. गुण मोजण्यात अर्थच नव्हता. तरी श्वास सोडून समोरची माशी खाचेत स्थिर होते तो एक क्षण तसाच होता, उजव्या हाताला असायचा तसाच. गुण, क्रमांक, प्रगती सगळं गेल्यावरही जे उरलं, त्यासाठीच मी तिथं जातो हे नक्की झालं.

आता उजवा हात बराच बरा आहे. साठाऐवजी तीस नेम, मध्ये मोठी विश्रांती. वहिनीलाही तोच स्प्लिंट लागलाय, माझ्याहून एक साइझ लहान. पण तिच्या बाबतीत स्प्लिंटनं भागत नाही. पिस्तूल मी कपाटात ठेवू शकलो. बाळ कपाटात ठेवता येत नाही, ते दुसऱ्या कुणीतरी उचलावं लागतं. सध्या सकाळची अंघोळ दादाकडं आणि संध्याकाळची फेरी माझ्याकडं आहे. डाव्या कडेवर.