रक्ताचा एक थेंब आणि रोजाची अमानत



रमजान जवळ आला की मशिदीत एक प्रश्न दरवर्षी विचारला जातो. मधुमेही माणसाने रोजात बोट टोचून साखर तपासली, तर रोजा तुटतो का? उत्तर स्पष्ट आहे: तुटत नाही. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रोजाच्या अवस्थेत हिजामा करवून घेतल्याचे ह. इब्ने अब्बास (रजि.) यांचे कथन सहीह बुखारीत आहे. हिजाम्यात निघणाऱ्या रक्ताच्या मानाने बोटावरचा थेंब तो केवढा! हनफी असोत वा कोकणातील आपले शाफई बांधव, दोन्ही मस्लकांत अशा रक्ताने रोजा तुटत नाही. हनफी मतानुसार रक्त जागेवरून वाहिले तर वुजू मात्र पुन्हा करावी.

मसला इतका सोपा असूनही अनेक घरांत तपासणीचे यंत्र रमजानभर कपाटातच राहते. कारण मसल्यात नाही, मनात आहे. आकडा कमी निघाला तर रोजा सोडावा लागेल, या भीतीने माणूस आकडाच पाहत नाही.

सुनन अबू दाऊदमध्ये ह. जाबिर (रजि.) यांनी सांगितलेला प्रसंग आठवा. प्रवासात एकाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याला गुस्लची गरज पडली. मला तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत कसली, असे ते म्हणाले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्या मृत्यूचा दोष सोबत्यांवर ठेवला आणि अज्ञानावरचा इलाज विचारणे हाच आहे, अशी शिकवण दिली.

वाचकहो, साखर तपासणे हे शरीराला विचारणेच आहे. हात थरथरणे, घाम फुटणे, छाती धडधडणे, डोके गरगरणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर घसरल्याची लक्षणे आहेत. पण ज्यांचा मधुमेह जुना आहे, त्यांच्यापैकी काहींना ही लक्षणे जाणवेनाशी होतात. ‘मला काही होत नाही’ ही त्यांची ग्वाही मग भरवशाची राहत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. अशांनी रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधीच डॉक्टरांना भेटून रोजा झेपेल का, औषधाची मात्रा आणि वेळ कशी बदलावी, हे ठरवून घ्यावे.

सहरीपूर्वी, सकाळी, दुपारी, इफ्तारच्या आधी आणि इफ्तारनंतर दोन तासांनी साखर तपासावी. अस्वस्थ वाटले तर त्याच क्षणी तपासावी. आकडा ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला, तर रोजा तिथेच सोडावा. साखर कमी असेल तर साधारण १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पावडर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून प्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे.

‘मगरिबला वीसच मिनिटे उरली आहेत’ असे म्हणून थांबणाऱ्यांनी हिजरी सन ८ मधील मक्केच्या प्रवासाकडे पाहावे. महिना रमजानचा होता. लोकांना रोजा जड जात असल्याचे कळताच प्रेषितांनी (स.) अस्रनंतर पाण्याचा प्याला मागवला, सर्वांना दिसेल असा उंच धरला आणि ते प्यायले. त्यानंतरही काहींनी रोजा चालूच ठेवल्याचे कळल्यावर त्यांनी त्या लोकांना अवज्ञा करणारे म्हटले. सवलत देणारा अल्लाहच आहे. सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजाऱ्याला मोकळीक देऊन, अल्लाहला आपल्यासाठी सुलभता हवी आहे, हेही सांगितले आहे. ती मोकळीक नाकारण्यात कसली परहेजगारी?

आजारामुळे सोडलेल्या रोजाचा कफ्फारा नाही. नंतर शक्य असेल त्याने कजा करावी. हिवाळ्यातील लहान दिवस त्यासाठी सोयीचे असतात. पुढेही कधी रोजा झेपण्याची आशा नसेल, तर प्रत्येक रोजामागे एका गरजूचे अन्न, हा फिदिया आहे.

घरच्यांनो, तुमचीही एक जबाबदारी आहे. दस्तरखानाची तयारी करणारी अम्मी चुलीपुढे घामाघूम झाली असेल, तर तो घाम उकाड्याचाच आहे असे गृहीत धरू नका. तिचे बोट हाती घ्या आणि तपासा. अब्बांना दुपारी पाणी प्यावे लागले, तर ‘या वर्षी किती रोजे झाले?’ असे चारचौघांत विचारून त्यांना लाजवू नका. या लाजेपायीच अनेक वडीलधारी माणसे आपला त्रास लपवतात.

हे शरीर आपल्या मालकीचे नाही, ती अल्लाहची अमानत आहे. ज्याच्या आज्ञेने आपण घास दूर ठेवतो, त्याच्याच परवानगीने तो उचलणे हीसुद्धा आज्ञाधारकता आहे.

अल्लाह आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो, आपले रोजे आणि आपल्या सक्तीच्या कजाही कबूल करो. आमीन.