हवे-नको

मुंबईतील एका पंचतारांकित हॉटेलात मध्यंतरी मुक्कामाचा योग आला, तेव्हा संगमरवरी दालनातील झुंबरे आणि दरवानाचा अदबशीर मुजरा पाहून चित्त प्रसन्न झाले खरे. परंतु नळाला रात्री ऊन पाणी येईना, तक्रार करावी तर दूरध्वनीवरून ‘पाहतो’ एवढेच सौजन्यपूर्ण उत्तर मिळे, आणि सकाळच्या हिशेबात मात्र पाण्याच्या बाटलीचीदेखील बिनचूक नोंद होती. याउलट, अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तीर्थक्षेत्री ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांचा हेतू थकल्याभागल्या वाटसरूस निवारा लाभावा, हा होता. ऐश्वर्य दाम मोजून विकत मिळते, अगत्य मात्र मनातूनच यावे लागते. म्हणून श्रोतेहो, आज दारी पाहुणा आला, तर बैठकीची आरास दाखवण्याआधी त्याचे हवे-नको विचारा.