एक मिनिट हं!

खरे बोलावे, असे लहानपणापासून आपल्याला शिकवतात. पण खरे किती मिनिटांत बोलावे, हे कोणी शिकवत नाही. त्यामुळे एरवी पैशाला पैसा जुळवणारा सज्जन गृहस्थही दिवसातून पन्नास वेळा ‘एक मिनिट हं’ म्हणतो आणि पंचवीस मिनिटे लावतो. याला खोटे म्हणावे की नाही? प्रश्न नीतिशास्त्राचा, आणि मी पडलो बी. कॉम. तरीही काटोलला एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसणाऱ्या माणसाला या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार पोचतो, असे माझे नम्र मत आहे.

वेळ मोजण्याची साधने आपल्याकडे कमी नव्हती. ६० पळांची घटका आणि ६० घटकांचा दिवस. म्हणजे घटका २४ मिनिटांची. ‘घटकाभर टेका’ म्हणणारा यजमान हिशेबाने २४ मिनिटे मागत असे. पुढे इंग्रज ‘जस्ट अ मिनिट’ ठेवून गेला. २४ घ्यायची आणि १ मागायची, अशी सोय झाली!

पण सगळे खापर इंग्रजाच्या डोक्यावर फोडू नये. त्याच्या ‘मोमेंट’लाही मध्ययुगात माप होते : तासाचा चाळिसावा भाग, म्हणजे दीड मिनिट. ‘सून’ या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ ‘ताबडतोब’. ‘प्रेझेंटली’चा तोच, ‘बाय अँड बाय’चाही तोच. पुढे तिघेही ‘थोड्या वेळाने’वर आले. बिचाऱ्या शब्दांचा काय दोष? ‘ताबडतोब’ म्हणून सावकाश उठणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते झिजवले. आपल्या ‘आत्ता’ आणि ‘आलोच’ची गत काही निराळी नाही.

दुसरी जात ‘फ्रॉम टाइम टु टाइम’ची. ‘नाऊ अँड देन’, ‘ऑफ अँड ऑन’ ही तिचीच भावंडे. परिपत्रकात ती शोभून दिसते. काउंटरवर उतरली की तिचे मराठी होते, ‘अधूनमधून चक्कर मारत जा.’ गावातल्या माणसाला चक्कर म्हणजे पाय मोकळे करणे. खेड्यावरून येणाऱ्याला ती दिवसाची मजुरी अधिक एसटीचे जाण्यायेण्याचे भाडे अशी पडते. ‘एक मिनिट’ माणसाला एकदाच लुटते, ‘अधूनमधून’ हप्त्याहप्त्याने.

मग उशीर हेच पाप का? मुळीच नाही. १८८१ सालचा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट बघा. मुदतीच्या बिलाला तो वर ३ दिवसांची सवलत देतो, आणि तिला नावही किती गोड, ‘डेज ऑफ ग्रेस’! पण ते दिवस मोजून तीन, आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ठाऊक. आमच्याकडचा बागाईतदार ‘मृगाचा बहार निघाला की भरतो’ म्हणतो. त्यात तारीख नसते. पण संत्री फेब्रुवारी-मार्चात निघतात, हे दोन्ही बाजूंना माहीत असते. टपरीवर दोन मित्र एकमेकांना ‘दोन मिनिटं’ म्हणतात तेव्हाही भाव दोघांना ठाऊक असतो. तिथे खोटेपणा नाही. खोटेपणा सुरू होतो तो भाव एकालाच ठाऊक असला म्हणजे; आणि काउंटरच्या आतल्याला तो नेहमीच ठाऊक असतो.

परवा एक म्हातारे शेतकरी नो ड्यूजच्या दाखल्यासाठी शेजारच्या टेबलापुढे उभे होते. ‘एक मिनिट, काकाजी,’ आमचे सहकारी मान वर न करता म्हणाले. काकाजींनी अगदी शांतपणे विचारले,

“साहेब, तुमचं मिनिट माह्या येष्टीच्या आंधी सरते का मंग?”

सहकाऱ्यांनी मान वर केली, घड्याळ पाहिले, समोरचा ढीग पाहिला आणि म्हणाले, “साडेतीन वाजतील.”

“मंग तसं सांगा नं जी. चहा पिऊन येतो.”

काकाजी साडेतीनला आले, दाखला घेतला आणि एसटी गाठली. त्यांना थांबायला लागले ते थांबलेच. पण तो वेळ त्यांनी बाकावर न घालवता आपल्या मर्जीने घालवला. माझ्या मते नीतिशास्त्राला एवढे पुरे.

घरी जेवायला हाक आल्यावर ‘आलोच’ म्हणणे पापात मोडते की नाही, हा प्रश्न उरतो. त्यावरही लवकरच लिहीन. ‘लवकरच’चा भाव वाचकांनी आपापल्या अनुभवाप्रमाणे लावावा.