तोच भाग, नवी प्रत

'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका 1987 ते 1994 या काळात सात हंगाम चालली. 2012 ते 2014 दरम्यान ती ब्लू-रेवर आली, ती मात्र जुन्या मालिकेची नुसती नक्कल नव्हती. चित्रण 35 मिमी फिल्मवर झालेले. संकलन आणि दृश्यमिश्रण व्हिडिओटेपवर. म्हणजे पुरा झालेला भाग फिल्मवर कधी नव्हताच. तो होता टेपवर, 480 रेषांच्या धूसर चित्रात, आणि ब्लू-रेला लागतात 1080. टेप कितीही ताणली तरी तीत नसलेला तपशील येणार कुठून? म्हणून निगेटिव्हची हजारो रिळे पुन्हा स्कॅन केली गेली आणि टेप समोर ठेवून एकेक कट जुळवत प्रत्येक भाग नव्याने उभारला गेला. यान एका रिळावर, त्याचे दिवे दुसऱ्यावर. ते थर संगणकावर परत एकत्र आले. जिथे रीळ सापडलेच नाही, तिथे काही सेकंद टेपवरचेच चित्र मोठे करून बसवले.

मग हा भाग तोच की दुसरा?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? कशालाच होकार मिळत नाही. 'रथ' हे जुळणीला दिलेले नाव ठरते. न्यायदर्शनाच्या पंडितांना, नैयायिकांना, हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, हा अवयवांहून वेगळा आणि खरा. पण कापड फाटले की जुने कापड नष्ट होऊन उरलेल्या धाग्यांत नवे उपजते. या हिशेबाने ब्लू-रेवरचा भाग नवाच, आणि 'तोच हा' ही ओळख दिव्याच्या ज्योतीसारखी, निव्वळ सादृश्यावर उभी.

इथे मीमांसादर्शनाचे पंडित, मीमांसक, जास्त उपयोगी पडतात. दहा जणांनी दहा वेळा उच्चारलेला गकार, म्हणजे 'ग' हा वर्ण, त्यांच्या मते एकच. उच्चार त्याला घडवत नाही, प्रकट करतो. मालिकेचा भागही रथापेक्षा गकाराच्या जातीचा आहे. टेप आणि तबकडी हे त्याचे उच्चार, एक घोगरा, एक स्वच्छ. जुळणी करणाऱ्यांनी निगेटिव्ह हाताशी असूनही कटांचा क्रम टेपवरूनच घेतला, तो याच समजुतीने. (मीमांसक शब्द नित्य मानतात, मालिकेला जन्मतारीख आहे. तेवढी सवलत द्यावी लागते.)

1989 मध्ये प्रसारित झालेला 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग म्हणजे सुट्या भागांच्या जुळणीपलीकडे काही असते का, याच प्रश्नाचा खटला आहे. डेटा हा यंत्रमानव वस्तू की व्यक्ती? तो वस्तू आहे हे दाखवायला त्याचाच सहकारी अधिकारी रायकर भर न्यायालयात त्याचा हात काढून ठेवतो, मग कळ दाबून त्यालाच बंद करतो. नागसेनाचा रथ सुटा होतो, तसाच. न्यायाधीश आत्म्याचा प्रश्न बाजूला ठेवतात आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचा हक्क डेटाला देतात.

पण मीमांसकांची अडचण होते ती याच भागापाशी. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास यांच्याजवळच्या व्हीएचएस प्रतीत प्रसारणापूर्वी कापलेले प्रसंग शाबूत होते. त्या आधाराने सुमारे 57 मिनिटांचे विस्तारित रूप दुसऱ्या हंगामाच्या ब्लू-रेवर आले. इथे उच्चार बदललेला नाही, वर्णच वाढले आहेत. मीमांसकाला हा दुसरा शब्द म्हणावा लागेल. संचात मात्र दोन्ही रूपे एकाच शीर्षकाखाली आहेत.