भिंतीवाचूनचे छप्पर

जो मनुष्य घर सोडून प्रवासाला निघतो आणि निघताना डोक्यावरचे छप्पर गाडीच्या टपाला बांधून बरोबर घेतो, त्याने घर खरोखर सोडले म्हणावे की नुसते हलवले म्हणावे, हा प्रश्न हौशी प्रवाशांच्या गप्पांत शोभणारा वाटेल. परंतु परिव्राजक, वारकरी, उदासी आणि निहंग अशा फिरत्या लोकांनी ज्या देशाची धर्मदृष्टी घडवली, त्या देशात तो इतक्या सहजी निकालात काढता येत नाही. मोहालीत राहणाऱ्यापुढे तर तो दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो.

मोहाली ही तशी अलीकडची वस्ती. १९६६ साली पंजाबची पुनर्रचना होऊन चंदीगड केंद्राच्या अखत्यारीत गेल्यावर पंजाबने आपल्या हद्दीत, चंदीगडला अगदी लागून हे नगर वसवले आणि गुरू गोविंदसिंगांच्या ज्येष्ठ पुत्राच्या स्मरणार्थ त्याला साहिबजादा अजितसिंग नगर असे नाव दिले. दफ्तरी ते नाव चालते, लोकांच्या तोंडी मोहालीच आहे. येथून खरड, कुराली, रोपड, कीरतपूर अशी वाट बिलासपूर-मनालीकडे आणि तेथून स्पीती-लडाखकडे जाते. या वाटेवर दोन तऱ्हेची फिरती छपरे दिसतात. एक, डोंगरात मुक्कामाला निघालेल्या मोटारींच्या टपाच्या कडेला लांबट काळ्या पिशवीत गुंडाळून बांधलेले, ज्याला विकणारे आणि घेणारे सगळेच ऑनिंग म्हणतात. आणि दुसरे, आनंदपूर साहिबकडे निघालेल्या ट्रॉल्यांवर लोखंडी कमानी घालून ताणलेली ताडपत्री. त्या ट्रॉल्या ओढणारा स्वराज ट्रॅक्टर १९७४ सालापासून याच मोहालीत तयार होतो. माझा विषय पहिल्या छपराचा आहे. त्याचा धर्म मात्र मला दुसऱ्याकडे पाहून उमगला.

आधी निवडीची गोष्ट घेऊ, कारण वस्तूचे गुण जाणल्यावाचून तिच्या धर्माविषयी बोलणे पोकळ आहे. साधे ऑनिंग गाडीच्या अंगाने दोन-अडीच मीटर लांब असते व तितकेच बाहेर ओढता येते. त्याची पाच-सहा चौरस मीटर सावली पडते आणि वजन बारा-पंधरा किलोंच्या घरात असते. दुसरा प्रकार मागच्या कोपऱ्यावरच्या बिजागरीभोवती २७० अंशांत उलगडतो आणि गाडीची एक बाजू व मागचे दार दोन्ही झाकतो. पण त्याचे वजन वीस-तीस किलोंवर जाते आणि ते सगळे टपाच्या एकाच कडेला लोंबते. टप किती भार सोसेल हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, त्यात कॅरियरचे वजनही धरायचे असते, आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, म्हणून काही बसवण्यापूर्वी परिवहन कचेरीत विचारून घेणे हे शहाणपणाचे. कापड दोन जातींचे मिळते. पॉलिस्टर हलके व लवकर वाळणारे. सूतमिश्रित कॅनव्हास जड, ओले झाले की उशिरा वाळणारे, पण त्याच्याखाली जेठाच्या दुपारी मनुष्य बसू शकतो. पातळ पॉलिस्टरमधून झळ खाली उतरते हे पंजाबच्या उन्हात एकदा बसलेल्याला सांगावे लागत नाही. मी स्वतः कॅनव्हासच्या बाजूचा आहे, आणि मोठ्या छतापेक्षा साधे छत बरे असे माझे मत आहे; कारण जे छत एकट्या माणसाला दहा मिनिटांत मिटता येत नाही ते वाऱ्यापुढे धोक्याचे ठरते.

उभारणीत सूर्य, पाणी आणि वारा या तिघांचा हिशेब मांडावा लागतो. आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगाला थांबतात, म्हणून ऑनिंग डाव्या बाजूला बसवायचे. दुपार कलल्यावर मुक्काम करायचा असेल तर गाडीचे तोंड दक्षिणेकडे करावे, म्हणजे डावी बाजू पूर्वेला येते आणि मावळतीकडचे ऊन गाडीच्या अंगावरच अडते. बाहेरच्या दोन खांबांपैकी एक हातभर खाली घ्यावा. हे न केले तर पावसात कापडाला पोट सुटते, आणि पाच चौरस मीटर कापडावर सरासरी केवळ एक सेंटिमीटर पाणी साचले तरी त्याचे वजन पन्नास किलो होते. वाऱ्याचा हिशेब याहून कठोर आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोर आडव्या आलेल्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे बारा किलोंचा दाब देतो, म्हणजे खालून वर उचलले गेलेले छत साठ किलोंच्या जोराने बिजागरी उपटू पाहते. आणि वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. म्हणून खुंट्या तिरप्या ठोकायच्या, दोर खांबापासून चांगले दूर ताणायचे, रोपडच्या मऊ गाळाच्या जमिनीत रुंद पात्याची खुंटी आणि स्पीतीच्या खडीत लांब लोखंडी खिळा वापरायचा. आणि मे-जूनमध्ये पश्चिमेच्या क्षितिजावर तांबूस धूळ चढताना दिसली की आंधीची वाट न पाहता छत गुंडाळायचे. ओले गुंडाळले असेल तर घरी येताच पुन्हा उघडून वाळवायचे, नाहीतर दोन-चार दिवसांत बुरशी धरते.

आता वैराग्यवादी म्हणेल की हा सारा परिग्रहाचा विस्तार आहे. ज्याला वाटेवर राहायचे त्याने वाटेवर जे मिळेल त्यात राहावे. या म्हणण्याला बळ आहे. बौद्ध भिक्षूला दीक्षेच्या वेळी निर्वाहाचे जे चार आधार सांगितले जात, त्यांत निवासासाठी वृक्षाचे मूळ एवढेच सांगितलेले होते. जैन साधू चातुर्मास सोडला तर आजही एके ठिकाणी ठरत नाहीत. श्रीचक्रधरांनी आपल्या अनुयायांना जे अटन सांगितले त्याचा हेतू स्थळाचा लोभ जडू नये हाच होता. आणि तो महानुभाव पंथ पुढे पंजाबात पोहोचला, येथे जयकृष्णी म्हणून नांदला, हे इकडे राहणाऱ्या मराठी माणसाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. या सर्वांनी सावली बरोबर घेतली नाही. वाटेत ती मिळेल असा भरवसा तेवढा घेतला.

पण तो भरवसा कोणाच्या जोरावर टिकला? झाडे लावणाऱ्या, विहिरी खणणाऱ्या, धर्मशाळा बांधणाऱ्या गृहस्थांच्या जोरावर. संन्याशाचे अनिकेतपण गृहस्थाच्या पूर्तधर्मावर उभे आहे, आणि हे दोन्ही धर्म एकमेकांचे ऋणी आहेत, ही गोष्ट वैराग्याच्या स्तुतीत आपण फार सहज विसरतो. मोहालीपासून शंभरेक किलोमीटरवर, हरयाणाच्या यमुनानगर जिल्ह्यात टोपरा नावाचे गाव आहे. अशोकाचा जो स्तंभ फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीला नेऊन उभा केला, तो मूळचा या टोपऱ्याचा. आणि अशोकाचा सातवा स्तंभलेख केवळ त्या एका स्तंभावरच कोरलेला आहे. त्यात तो सम्राट सांगतो की मी वाटांवर वड लावले, ते पशूंना आणि माणसांना सावली देतील. आमराया लावल्या, विहिरी खणवल्या, विसाव्याच्या जागा केल्या. मात्र पुढे तो आणखी काही म्हणतो, आणि माझ्या मते तेच त्या लेखाचे मर्म आहे: अशी सुखे पूर्वीच्या राजांनीही दिली होती, त्यांचे मोल थोडे, मी ती दिली ती लोकांनी धर्माने वागावे यासाठी. म्हणजे सावली हे साध्य नव्हे, सावलीखाली माणूस माणसाशी कसा वागतो हे साध्य.

आज राजमार्ग रुंद होत गेले आणि कडेची जुनी झाडे बव्हंशी गेली. अशा रस्त्यावर जो गृहस्थ आपले छत बरोबर घेऊन निघतो, त्याने स्वतःला संन्याशाच्या मापाने मोजून खंत करण्याचे कारण नाही. त्याने वृक्षाच्या मापाने स्वतःला मोजावे. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना माउलींनी झाडाचा दाखला दिला आहे. लावणारा आणि तोडणारा या दोघांना ते सारखीच सावली देते, हा त्याचा भाव. आणि तेथून थोड्याच ओव्यांनंतर, ज्याचा कुठेच आश्रय नाही अशा त्या भक्ताला सगळे विश्वच आपले घर वाटू लागते असे ते सांगतात. ही दोन लक्षणे इतकी जवळजवळ आली आहेत हा मला योगायोग वाटत नाही. विश्व ज्याचे घर झाले त्याला आडोशाची भिंत कोणाविरुद्ध उभारायची?

याच पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे, नामदेवमहाराजांचे स्थान आहे. २०१५ साली डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले, तेव्हा पुष्कळ मराठी माणसांनी ते प्रथम पाहिले. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, आणि त्यांतले सोरठ रागातले एक पद छपराविषयीच आहे. शेजारीण नामदेवांना विचारते की तुझी ही झोपडी कोणी शाकारली, मला त्या सुताराचा ठिकाणा सांग, मी त्याला दुप्पट मजुरी देईन. नामदेव उत्तर देतात की बाई, तो सुतार असा ठिकाणा सांगून देता येत नाही, तो तर सर्वत्र भरून आहे, आणि त्याची मजुरी प्रीती हीच आहे. या पदाचा अर्थ पुष्कळ बाजूंनी लावता येतो; मला त्यातली व्यावहारिक बाजूही तितकीच खरी वाटते. छपराची किंमत एकदा दुकानात रोकडीने चुकती होते आणि एकदा त्याच्याखाली. पहिली पावती कितीही मोठी असली तरी दुसरे देणे तिने फिटत नाही.

हे देणे कसे फेडतात ते होला मोहल्ल्याच्या दिवसांत आनंदपूरच्या वाटेवर पाहावे. ट्रॉलीला मधे फळ्या टाकून दोन मजले केलेले असतात, खाली पराळीवर सतरंज्या अंथरून म्हाताऱ्या बायका बसलेल्या असतात, आणि ट्रॉली थांबली की ताडपत्रीची मागची कड दोन बांबूंवर उचलून बाहेर ताणली जाते. तिच्याखाली चूल पेटते आणि जो रस्त्याने जाईल त्याला हाक घालून जेवायला बसवतात. त्याची जात, गाव, मुलूख विचारला जात नाही. आषाढीच्या वारीत दिंडीबरोबरच्या ट्रकांचेही असेच आहे. पालखीतळावर ट्रकचा फाळका पाडून, बाजूला ताडपत्री ताणून जे स्वयंपाकघर उभे राहते, ते गाडीला जोडलेल्या छताचे आपले जुने रूप आहे, आणि त्याला भिंत घालण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

कीरतपूरच्या पुढे, जेथे घाट लागतो तेथे, श्रावणातल्या एका दुपारी आम्ही रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत छत उघडून चहा ठेवला होता. पाऊस अकस्मात कोसळला, आणि मोटारसायकलवरून चाललेले एक कुटुंब, नवरा-बायको व मधे बसलेले पोर, काही न विचारता सरळ छताखाली आले. त्या बाईने पोराला आमच्या घडीच्या खुर्चीवर बसवले आणि ओढणीने त्याचे डोके पुसू लागली. तेवढ्यात दरीतून वारा उठला, कापड फुगले आणि बाहेरचा खांब जमिनीपासून सुटला. त्या गृहस्थाने दोन्ही हातांनी तो खांब पकडला, पाय रोवले, आणि दोर तुम्ही बांधा, मी हा सोडत नाही, असे पंजाबीत सांगितले. मी दुसरी खुंटी ठोकून दोर बांधीपर्यंत तो तसाच भिजत उभा होता. आश्रय कोण कोणाला देत होते हे मला त्या वेळी ठरवता आले नसते, आणि ते ठरवण्याची गरजही नव्हती. त्या छताला तिन्ही बाजूंनी कनाती लावलेल्या असत्या तर ते कुटुंब पावसात पुढे निघून गेले असते, आणि आमचे छत वाऱ्याने उपटले असते.

यासाठीच ऑनिंगबरोबर विकल्या जाणाऱ्या आडपडद्यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. रात्री निजण्यासाठी, स्त्रियांच्या सोयीसाठी बंदिस्त जागा लागते, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी वेगळा तंबू न्यावा आणि तो निर्धास्त बंद करावा, त्यात कोणाचा अपराध नाही. परंतु सार्वजनिक जमिनीवर, भर दिवसा, रस्त्याच्या कडेला छत उघडून त्याला भिंती लावणे म्हणजे सर्वांच्या जागेचा एक तुकडा तेवढ्या वेळापुरता खासगी करून घेणे होय, आणि तो अधिकार कोणत्याही पावतीने मिळत नाही.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात जे कोणी हे छत घेणार असतील त्यांना माझी विनंती अशी की आडपडद्यांचे पैसे वाचवून दोन घडीच्या खुर्च्या आणि पाण्याची एक मोठी टाकी जास्तीची घ्यावी. आणि उभारताना पाणी सोडण्यासाठी खाली घ्यायचा तो खांब मागच्या कोपऱ्याचा घ्यावा, वाटेने येणारा जिकडून आत येईल त्या बाजूचा खांब पुरुषभर उंच ठेवावा, म्हणजे त्याला वाकावे लागणार नाही.