सध्या काय ऐकता?

संगीताची आवड असलेली दोन माणसे भेटली की क्षेमकुशल झाल्यावर एक प्रश्न हमखास निघतो : 'सध्या काय ऐकता?' वरकरणी प्रश्न साधा आहे. परंतु त्याचे उत्तर देताना माणूस किती खरे बोलतो, हा मला नीतीचा प्रश्न वाटतो.

या प्रश्नातील 'सध्या' हा शब्द महत्त्वाचा. विचारणाऱ्याला आपली आयुष्यभराची श्रद्धास्थाने जाणून घ्यायची नसतात. गेल्या आठ-पंधरा दिवसांत आपल्या घरात कोणते सूर घुमले, एवढेच त्याला हवे असते. उत्तर मात्र बहुधा निवडक येते. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे अनवट राग सांगितले जातात आणि रोज सकाळी आवडीने लावलेली भावगीते लपविली जातात. आवड सांगण्याऐवजी आपण प्रतिष्ठा सांगतो. समोरच्याला त्यातून गाणे मिळत नाही. मिळते ती आपली ओळख, आणि तीही अर्धीच.

आपल्या सीमाभागात या संकोचाला आणखी एक पदर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून हिंडलगा-बेळगावच्या जुन्या मराठी घरांत भाषा हा केवळ व्यवहाराचा विषय राहिलेला नाही. त्यामुळे आपण काय ऐकतो हे सांगतानाही माणूस कळत-नकळत बाजू घेतो. भीमसेन जोशी यांची 'संतवाणी' अभिमानाने सांगितली जाते. त्याच कंठातून उमटलेली पुरंदरदासांची कन्नड पदे ऐकली जातात, पण उल्लेखिली जात नाहीत. मन्सूरांचा ख्याल चारचौघांत निघतो, त्यांनी गायिलेली वचने निघत नाहीत. भाषिक हक्काचा लढा त्याच्या जागी आहे आणि त्याचे मोल कोणी कमी करू नये. परंतु कानाने जे मनापासून स्वीकारले, ते जिभेने नाकारल्याने मराठीचे कोणते हित साधते?

ध्वनिमुद्रिकांनी असा भेद कधी केला नाही. अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तरेतील कैरान्याचे, स्थायिक झाले मिरजेस. त्यांची झिंझोटीतील ठुमरी जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीत सामावलेली. ती एका दुकानात वाजत असता गदगच्या कन्नड घरातील लहानग्या भीमसेनच्या कानी पडली. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो गुरूच्या शोधात घराबाहेर पडला आणि पुढे साऱ्या महाराष्ट्राचा झाला. ती तबकडी लावणाऱ्याने कोणाला उपदेश केला नव्हता की रसग्रहण ऐकविले नव्हते. त्याने ती चारजणांच्या कानी पडेल अशी लावली, इतकेच.

कोणी म्हणेल, ऐकणे ही खासगी गोष्ट. ती इतरांना सांगावी तरी का? हा आक्षेप मला अंशतः मान्य आहे. मौन पाळण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. मात्र सांगायचेच ठरविले, तर जे आहे ते सांगावे. आणि ऐकणाऱ्यानेही समोरच्याच्या आवडीला नाक मुरडू नये. कारण ज्याची एकदा थट्टा होते, तो पुढच्या वेळी खरे सांगत नाही.

ऐकणाऱ्याची आणखीही एक जबाबदारी आहे. आपल्या शेजारच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून जशाच्या तशा गात. लोक थक्क होत. परंतु आज आपण त्यांना स्मरतो ते त्या नकलेसाठी नव्हे, तर ती मागे टाकून शोधलेल्या स्वतःच्या गाण्यासाठी. मित्राने सुचविलेले गाणेही असेच घ्यावे : आदराने ऐकावे, पण त्याची आवड आपली म्हणून मिरवू नये. नाही भावले, तर तसे स्नेहाने सांगावे.

आता मोबाईलवरून गाणी धाडणे सोपे झाले आहे. सकाळी उठावे तो चार-पाच आलेली असतात. पुष्कळदा पाठविणाऱ्यानेही ती पुरती ऐकलेली नसतात. अशा देण्यात आपले असे काहीच नसते. त्यापेक्षा आठवड्यातून एकच गाणे पाठवावे, स्वतः पुरते ऐकलेले, आणि ते कोठे मनाला भिडले हे एका वाक्यात लिहावे. मग ते मराठी असो, कन्नड असो, की एखादे जुने चित्रपटगीत असो. वाचकांपैकी कोणी हा प्रश्न मला विचारला, तर माझे या आठवड्याचे उत्तर आहे : भीमसेनजींनी गायिलेली पुरंदरदासांची पदे.