पोस्टर उतरवलं, आता पुढे?

कॉलेजच्या भिंतीवर विद्यार्थ्यांच्या एका गटानं लावलेलं पॅनिक अटॅकविषयीचं पोस्टर संस्थेनं उतरवायला लावलं, याचा राग आहेच. त्याहून जास्त राग आला तो त्यासाठी दिलेल्या कारणाचा. ‘असलं काही भिंतीवर लागलं की बाकीच्या मुलांच्याही डोक्यात येतं. परीक्षा तोंडावर आली आहे, उगाच वातावरण बिघडतं.’ मोबाइलला दोष देणारे आणि ‘आमच्या वेळी नव्हतं असलं काही’ म्हणणारेही आठवडाभर बोललेच. त्यांच्यासाठी शाई खर्च करत नाही. हे ‘डोक्यात येतं’ प्रकरण मात्र सोडवत नाही, कारण ते काळजीच्या सुरात बोललं जातं आणि भल्या माणसांनाही पटतं.

पोस्टरचा फोटो एव्हाना घरोघरी पोहोचला आहे, तरी पुन्हा एकदा नीट वाचा. पांढरी कार्डशीट, निळं स्केचपेन, एका ठिकाणी व्हाइटनर लावून सुधारलेलं अक्षर. ‘मैत्रिणीला पॅनिक अटॅक आला तर’ हे शीर्षक. भोवतीची गर्दी हटवा. तिला खाली बसवा, पाय जमिनीला टेकू द्या. ‘काही झालेलं नाही’ म्हणू नका. ‘मी इथंच आहे, थोड्या वेळात ओसरेल’ असं म्हणा. श्वास सावकाश सोडायला सांगा. तोंडाला पिशवी लावू नका. पहिल्यांदाच होत असेल किंवा छातीत दुखत असेल तर डॉक्टरांकडे न्या. सगळ्यात खाली मोठ्या अक्षरांत टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक, १४४१६.

यातली कुठली ओळ वाचून धडधाकट मुलाच्या छातीत धडधड सुरू होणार आहे?

पॅनिक अटॅक वाचून लागत नाही. त्यात श्वास भराभर होऊ लागतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. कधी बोटं इतकी आखडतात की पेन धरवत नाही. पर्यवेक्षकाला वाटतं पोरगी नाटक करते आहे. तिला त्या क्षणी खरोखर वाटत असतं की आपण मरणार. साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग उतरू लागतं. पण आपल्याला काय झालं हेच तिला कळलं नाही, तर पुढचे कित्येक महिने ‘पुन्हा झालं तर?’ या धास्तीत जातात. मग ती परीक्षेचा वर्ग टाळते, भरलेली बस टाळते, शेवटी कॉलेजच टाळते. म्हणजे माहिती नसल्यानं भीती वाढते, आणि आपण काढून टाकतो ती माहिती. आत्महत्येबद्दल बोललं की तिला उत्तेजन मिळतं, हाही असाच एक समज. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ च्या अहवालात त्याची गणना गैरसमजांमध्ये केली आहे. आपल्याकडे मात्र तो अजून नियमासारखा पाळला जातो.

आणि मुलांच्या डोक्यात काय येतं याची एवढी काळजी असेल, तर कॉलेजच्या फाटकावरच्या फ्लेक्सचं काय? लातूर असो, नांदेड असो की पुणे, पासपोर्ट फोटोतले गुणवंत आणि त्यांच्या नावापुढे दशांशचिन्हानंतरच्या सगळ्या आकड्यांसकट पर्सेंटाइल. त्याखालून रोज आत जाणाऱ्या आणि चाचणी परीक्षेच्या गुणांवरून ‘ब’ किंवा ‘क’ बॅचमध्ये बसणाऱ्या मुलाच्या डोक्यात काय येतं, हा प्रश्न कुणा संस्थाचालकाला पडल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या फ्लेक्सनं वातावरण बिघडत नाही. स्केचपेननं लिहिलेल्या चार ओळींनी मात्र बिघडतं!

विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ रोजी देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या बॅच पाडायच्या नाहीत, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करायचा नाही. टेली-मानससह मदतीचे क्रमांक वर्गांत, वसतिगृहांत, मोकळ्या जागांत मोठ्या अक्षरांत लावायचे. म्हणजे न्यायालयानं जे संस्थेला लावायला सांगितलं, ते या मुलांनी आपल्या खाऊच्या पैशांतून लावलं, आणि संस्थेनं ते उतरवलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या आकडेवारीनुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,७६४ महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत सर्वाधिक. या राज्यात वातावरण बिघडायचं शिल्लक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. पेपरच्या आधी पोटात गोळा येणं याला काही मुलं हल्ली पॅनिक अटॅक म्हणू लागली आहेत, आणि साध्या धाकधुकीला आजाराचं नाव दिलं की ती जास्त बोचते. पण हा फरकही याच मुलांनी कॉलेजात केलेल्या एका पथनाट्यात दाखवला होता. एकीच्या पोटात गोळा येतो आणि ती पेपर लिहिते. दुसरीला पेपर दिसेनासा होतो. शिक्षकांनी तो प्रवेश शेवटपर्यंत पाहिला असता तर बरं झालं असतं. ते मध्येच उठले आणि जाता जाता उभ्या उभ्या ‘पॉझिटिव्ह राहा’ असा सल्ला देऊन गेले. घाबरलेल्या मुलाशी बोलायचं तर आधी खाली बसावं लागतं, हे मी लिहीतच राहणार.

उद्या सकाळी प्रत्येक कॉलेजला समुपदेशक मिळेल असं मला वाटत नाही. जागा मंजूर होईल, भरली जाणार नाही, आणि कार्यभार कुणा मराठीच्या किंवा मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जाईल. चालेल, तेही चालेल. त्यांना चार दिवसांचं नीट प्रशिक्षण द्या, दार लागेल अशी एक खोली द्या, दोन खुर्च्या द्या. पण एवढं तरी करा, कारण पोस्टर उतरल्यापासून त्या गटातल्या मुलींना रात्री-अपरात्री मेसेज येत आहेत. ‘मलाही असं होतं, काय करू?’ त्यांच्यातली एक पहाटे दोनपर्यंत उत्तरं देत बसते, आणि एखादीला उत्तर द्यायचं राहून गेलं आणि तिचं काही बरंवाईट झालं तर, या विचारानं तिला त्यानंतरही झोप लागत नाही. ती सोळा वर्षांची आहे, आणि तिचीही परीक्षा तोंडावर आली आहे.